साडेनऊ लाखांची कॉन्टेसा

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी संध्याकाळी धाकट्या भावाचा फोन आला. "आपा, उद्या सुट्टी आहे ना? एक गाडी बघायला जायचंय. तू कागद वाच, बाकीचं चाचा बघतील."

कागद वाचणं हे आमच्या खानदानात माझं काम. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, त्यात बीएड झालेली, त्यामुळे कुणाची विम्याची पॉलिसी असो, घराचं इसारपत्र असो की कोर्टाची नोटीस, फाईल शेवटी माझ्या टेबलावर येते. मोटारीतलं मला काही कळत नाही. माझी स्कूटर पंक्चर झाली तरी मी ती लोटत नेते. म्हणून विचारलं, "कसली गाडी?"

तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "कॉन्टेसा."

मी पुढे काही विचारलं नाही. आमचे अब्बा आठ वर्षं सिव्हिल लाइन्समधल्या एका शेठची पांढरी कॉन्टेसा चालवत होते.

(आमचं घरातलं बोलणं सदरच्या हिंदी-उर्दूत चालतं. इथे ते मराठीत उतरवतेय. चाचांचं मात्र तसंच ठेवलंय, त्यांचं मराठी होत नाही.)

भाऊ सतरा वर्षं दम्मामला होता. यंदा कायमचा परत आला, कंपनीचा हिशेब घेऊन. त्या पैशांवर घराच्या गळक्या स्लॅबचा हक्क आहे, बारावीतल्या मुलीच्या पुढच्या शिक्षणाचा आहे, आणि काहीतरी धंदा टाकायचा त्याचा विचारही आहे. त्यातून साडेनऊ लाख काढून तो तीस वर्षं जुनी गाडी घेणार होता. २००९ मध्ये अब्बा गेले तेव्हा त्याला यायला मिळालं नव्हतं, मय्यतीची माती द्यायलाही नाही. त्याने ते कधी बोलून दाखवलं नाही आणि आम्हीही कधी काढलं नाही. पण मला गाडीचा भाव ठरवायला बोलावलं होतं, आणि हे बाजूला ठेवून तो ठरणार नव्हता, एवढं मला फोनवरच कळलं.

तरुण वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. कॉन्टेसा ही हिंदुस्थान मोटर्सची गाडी, १९८४ ते २००२ या काळात बंगालमधल्या उत्तरपाड्याला बनलेली. म्हणजे अँबेसेडरचीच बहीण. तिचा सांगाडा मात्र ब्रिटनच्या व्हॉक्सहॉल कंपनीचा. त्यांनी सत्तरच्या दशकात एक मॉडेल काढलं आणि बंद केलं, त्याचे साचे इकडे आले. लांबलचक बोनेट, रुंद छाती, साडेचार मीटरपेक्षा थोडी जास्तच लांबी. त्या काळात रस्त्यावर फियाट, अँबेसेडर आणि नवी नवी मारुती ८०० होती, त्यांच्यात ही म्हणजे लग्नाच्या मांडवात शिरलेला पहिलवान. आजही इंटरनेटवरची पोरं हिला भारताची मसल कार म्हणतात.

मसल कार हा अमेरिकन शब्द. बेताच्या आकाराच्या गाडीत दांडगं इंजिन घालायचं, ही तिकडची साठच्या दशकातली हौस. १९६४ च्या पॉन्टियाक जीटीओपासून ती सुरू झाली असं साधारणपणे मानतात. तिच्यात ६.४ लिटरचं इंजिन आणि सव्वातीनशे अश्वशक्ती होती. आमच्या कॉन्टेसाला सुरुवातीला अँबेसेडरचंच दीड लिटरचं इंजिन होतं, पन्नासच्या आसपास अश्वशक्ती. उर्दूत पट्ठा म्हणजे स्नायू, आणि तालमीतल्या जवान पोरालाही पट्ठाच म्हणतात, मराठीतला पठ्ठ्या तो हाच. पहिल्या कॉन्टेसाला लंगोट पठ्ठ्याचा होता, जोर मात्र नव्हता. पुढे जपानच्या इसुझुचं १.८ लिटरचं पेट्रोल इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स बसला, तिचं नाव झालं कॉन्टेसा क्लासिक, आणि मग गाडी खरोखर पळायला लागली. अब्बा हिच्याबद्दल बोलायचे. विकायला होती तीही हीच, असं विकणारा सांगत होता.

रविवारी सकाळी आम्ही तिघं निघालो. चाचा म्हणजे अब्बांचे दोस्त. मंगळवारी बाजाराच्या मागे त्यांचं पत्र्याचं शेड होतं, तिथे त्यांनी चाळीस वर्षं डेंटिंग केलं. आता गुडघे गेलेत, शेड मुलाने दुसऱ्याला भाड्याने दिलंय. चाचांना आपल्या सहीपलीकडे लिहिता येत नाही. खिशात त्यांनी एक चुंबक आणला होता, मुलांच्या खेळण्यातला, पातळ फडक्यात गुंडाळलेला. आमच्या उर्दूच्या पुस्तकात त्याला मक़नातीस म्हणतात. सदरमधला कुठलाही डेंटर 'चुम्मक' म्हणतो आणि त्याचं काम अडत नाही.

माउंट रोडवरून आत वळलं की एका जुन्या बंगल्याच्या आवारात विकणाऱ्याने शेड घातलंय. त्याचं नाव मी देणार नाही, त्याची गरजही नाही. माणूस गोड बोलणारा. गाडीवरची चादर त्याने अशी ओढली की नवरीचा घुंघट उचलतोय. आणि खरं सांगते, माझ्या पोटात धस्स झालं. दुधासारखी पांढरी, क्रोमच्या पट्ट्या चकाकत होत्या, आत लाल रेक्झिन. भाऊ तर तिच्याजवळ जायलाच तयार नव्हता, लहान असताना लांब उभा राहायचा तसाच लांब उभा.

"पूर्ण रिस्टोअर केलेली आहे मॅडम," तो म्हणाला. "विंटेज पीस."

भाषेच्या शिक्षिकेला असे शब्द टोचतात. विंटेज हा आता कायद्यातला शब्द आहे. २०२१ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत जे बदल केले, त्यानुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली गाडीच विंटेज धरतात. तिला वेगळी 'व्हीए' मालिकेची नंबर प्लेट मिळते आणि नोंदणीला २० हजार रुपये लागतात. सगळ्यात जुनी कॉन्टेसासुद्धा २०३४ पर्यंत त्यात बसणार नाही. तेव्हा हा शब्द फक्त भाव चढवायला होता.

रिस्टोअर हा तर आणखी निसरडा शब्द. मराठीत आपल्याकडे यासाठी एक नाही, चार-पाच शब्द आहेत आणि प्रत्येकाचा भाव वेगळा आहे. वरवर रंग मारला तर रंगरंगोटी. गळतंय, मोडलंय तेवढंच सांधलं तर डागडुजी. बिघडलेलं पुन्हा नीट चालायला लागलं की दुरुस्ती. दुरुस्त म्हणजे फारसीत 'बरोबर'. तांब्याच्या भांड्याला आतून कथलाचा मुलामा दिला तर कल्हई, ती चकाकते आणि उपयोगीही असते, पण भांड्याला भोक असेल तर ती ते बुजवत नाही. आणि पायापासून सगळं उकलून, सडलेलं काढून, मूळ होतं तसं उभं केलं तर जीर्णोद्धार. विकणारा जीर्णोद्धाराचे पैसे मागत होता. त्याने नक्की काय केलं होतं, एवढंच आम्हाला शोधायचं होतं.

चाचांनी आधी कुठेच चुंबक लावला नाही. त्यांनी बोनेटवर तळहात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "बेटी, हाथ रख." बोनेट कोमट होतं. नागपूरची नोव्हेंबरातली सकाळ, शेडमध्ये ऊन नाही, आणि लोखंड कोमट. आम्ही पोहोचायच्या आधी गाडी चालू करून गरम केली होती. जुनं इंजिन थंड असताना सुरू व्हायला कुरकुरतं, खडखडतं, धूर सोडतं. खरं रूप त्याच पहिल्या दोन मिनिटांत दिसतं. "आज इंजन नहीं सुनेंगे," चाचा म्हणाले. "आज का गाना पहले से बजा हुआ है."

मग ते खाली वाकले. गुडघे गेलेला माणूस गाडीभोवती पाऊण तास रांगत फिरला. दरवाजाच्या वरच्या भागावर चुंबक टक्कन चिकटायचा, खाली आणला की सैल पडायचा, आणि डाव्या मागच्या चाकाच्या कमानीवर तर घसरून त्यांच्या हातात आला. तिथे पत्रा नव्हताच, पुट्टी होती. ते बोटाच्या पेराने ठोकून दाखवत होते. चांगल्या पत्र्याचा आवाज टण येतो, पुट्टीचा थप. दोन-चार ठिकाणांनंतर मलाही ओळखता यायला लागलं आणि मला त्याचा उगाच आनंद झाला. थोडी पुट्टी प्रत्येक रंगवलेल्या गाडीत असते, चाचा म्हणाले, पत्रा सपाट करायला ती लागतेच. कागदाएवढी असली तर ठीक, बोटाएवढी असली तर खाली भोक आहे असं समजायचं.

पुढे डिक्की. त्यांनी स्टेपनी बाहेर काढायला लावली. स्टेपनीच्या खोबणीत पाणी साचतं, म्हणून गंज सगळ्यात आधी तिथे धरतो. ती खोबण साफ निघाली, नवा पत्रा, नीट वेल्डिंग. चाचा खूश झाले. "ये जिसने किया, उसको काम आता है." ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅटिंग उचललं, तेही चांगलं. पण गाडीच्या पोटाला खालून नवं, जाड, डांबरासारखं काळं कोटिंग मारलेलं. हे गंज थांबवायलाही मारतात आणि लपवायलाही. दाराखालच्या लांब पट्टीवर चाचांनी पेचकसाचं टोक हलकेच दाबलं, उजवीकडे काही झालं नाही, डावीकडे टोक आत गेलं. विकणारा "अरे अरे" म्हणाला. चाचांनी बोटाने तपकिरी भुगा काढला आणि त्याच्या तळहातावर ठेवला, काही न बोलता.

ही पट्टी म्हणजे सजावट नाही. अँबेसेडरसारखीच कॉन्टेसाला खाली ट्रकसारखी वेगळी चासी नसते, सगळं अंगच चासी. दाराखालच्या या पोकळ पट्ट्या गाडीचं वजन पेलतात. त्या सडल्या की दार लावताना किंचित उचलावं लागतं. डावं मागचं दार उचलावं लागत होतं.

तोवर मी कागद घेऊन बसले होते.

कागद वाचायची माझी पद्धत पेपर तपासण्यासारखीच आहे, आधी तारखा. पहिली नोंदणी मार्च १९९६. इथेच पहिली गाठ आली. कारण भावाला विकणाऱ्याने फोनवर सांगितलं होतं की ही गाडी सिव्हिल लाइन्समधल्या शेठची, एकाच ड्रायव्हरच्या हातची. भावाने त्यात अब्बांना बघितलं होतं. विकणाऱ्याला अब्बांचं काही माहीत नव्हतं, तो ही गोष्ट सगळ्यांनाच सांगत असणार, कॉन्टेसा काही रिक्षावाल्यांनी घेतल्या नव्हत्या. पण अब्बांची पेट्रोलची वही माझ्याकडे आहे. उर्दूत लिहिलेली, तारीख, लिटर, किलोमीटर. तिच्यातली शेवटची नोंद सप्टेंबर १९९४ ची आहे. त्यानंतर त्यांनी ती नोकरी सोडली. ही गाडी तेव्हा बनलीही नव्हती.

मी भावाला बाजूला घेऊन तारीख दाखवली. त्याने ती दोनदा वाचली, मग म्हणाला, "ठीक आहे. पुढे बघ."

पुढे बघितलं तर दुसरी गाठ त्याहून मोठी. आरसीवर इंधनाच्या रकान्यात डिझेल. समोर उभी होती ती पेट्रोल. विकणाऱ्याने खुलासा केला: मधल्या एका मालकाने पेट्रोल परवडत नाही म्हणून डिझेल इंजिन बसवलं, त्याची नोंद झाली, आणि आम्ही आता 'ओरिजिनल' पेट्रोल इंजिन परत बसवलं. खुलासा खरा असणार. त्या काळात अशी बरीच इंजिनं बदलली गेली. पण हे 'ओरिजिनल' कुठून आलं? दुसऱ्या एका भंगारात गेलेल्या कॉन्टेसातून. चाचांनी पेट्रोलमध्ये फडकं बुडवून इंजिनावरचा आकडा पुसला आणि मला एकेक अंक वाचायला लावला. चासी नंबर आरसीशी जुळला, इंजिन नंबर जुळला नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असा बदल आरटीओच्या मंजुरीने करायचा असतो आणि तो आरसीवर चढवायचा असतो. नोंद नसेल तर अपघातानंतर विमा कंपनीला हात वर करायला आयतं कारण मिळतं. शिवाय या गाडीची नोंदणी मार्च २०२६ पर्यंतच होती. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फिटनेस करून ती वाढवावी लागते. २०२२ पर्यंत मोटारीच्या नूतनीकरणाला ६०० रुपये लागायचे, मग ५ हजार झाले, आणि वीस वर्षांवरच्या गाडीला २०२५ पासून १० हजार. पैसे हा प्रश्न नाही. गिरीपेठेत तपासणी अधिकारी बोनेट उघडून आकडा बघणार, आणि तो जुळणार नाही, हा प्रश्न.

अमेरिकेत या आकड्यांवरच सगळा बाजार उभा आहे. २०१४ मध्ये सिएटलच्या लिलावात १९७१ सालची एक प्लायमथ हेमी कुडा ३५ लाख डॉलरला गेली. उघड्या छताच्या त्या मॉडेलमध्ये ते मोठं इंजिन अगदी मोजक्याच गाड्यांना बसवलं होतं म्हणून. तीच गाडी, तोच आकार, साधं इंजिन असतं तर त्याचा लहानसा हिस्साच मिळाला असता. त्यामुळे तिकडे साध्या गाडीवर भारी मॉडेलचे बिल्ले चिकटवून विकणारेही खूप, आणि घेणारा आधी विचारतो की कारखान्यातून निघताना जे इंजिन होतं तेच आहे का, आकडे जुळतात का. ते गाडीच्या अवस्थेला एक ते चार असे क्रमांक देतात. एक नंबरची गाडी फक्त प्रदर्शनात मांडायची, चार नंबरची चालते पण दोष उघड दिसतात. मला गंमत वाटली ती ही की त्यांचा पहिला नंबर जिला मिळतो ती गाडी जवळजवळ चालवतच नाहीत. आमच्या शाळेत असा पहिला नंबर काढला तर पालक आत येऊन बसतील.

दुपारी आम्ही चाचांच्या घरी जेवलो आणि नंतर मी परीक्षेच्या पॅडवर हिशेब मांडला. चाचा आकडे सांगत गेले, मी लिहीत गेले. कुठेतरी पडलेली, पण कागद असलेली कॉन्टेसा आज मिळाली तर दीड लाख. पत्रा, डेंटिंग, रंग मनापासून केला तर दोन लाख. इंजिन आणि गिअरबॉक्स नव्वद हजार. क्रोम पंचेचाळीस, कारण ते आता नागपुरात नीट होत नाही असं चाचांचं मत, बाहेर पाठवावं लागतं. सीट आणि छताचं अस्तर पन्नास. काच, रबर, बिडिंग पस्तीस. पुढची काच फुटली तर मात्र देवच आठवावा. वायरिंग वीस. टायर आणि ब्रेक चाळीस. बेरीज सहा लाख तीस हजार, आणि तीही सगळं बरोबर झालं असं धरून. यात डावी पट्टी आणि चाकाची कमान कापून पुन्हा करायची, म्हणजे रंग पुन्हा, तेव्हा साठ हजार वजा. राहिले पाच लाख सत्तर.

भाऊ म्हणाला, "त्याने दोन वर्षं जागा अडवली, पार्ट शोधले, त्याचं काही नाही का?"

प्रश्न रास्त होता. शोधाचेही पैसे असतात. कॉन्टेसाचा मागचा लाइट किंवा दाराचं हँडल दुकानात मिळत नाही, कुणाच्या तरी अंगणातल्या गाडीवरून काढून आणावं लागतं. पण उलट बाजूही आहे, आणि ती चाचांनी सांगितली. जुनी गाडी करून घेणाऱ्याचा खर्च विकताना बहुतेक वेळा निघत नाहीच. "बनवाना महँगा, बनी-बनाई लेना सस्ता. दुनिया का यही हिसाब है. मगर ये आदमी बनी-बनाई को बनवाने से महँगा बेच रहा है." मागणी आणि आमच्या आकड्यात तीन लाख ऐंशी हजारांची फट होती. ती पत्र्यात नव्हती, इंजिनात नव्हती. शेठच्या एकाच ड्रायव्हरच्या गोष्टीत ती होती, 'विंटेज' या शब्दात होती, आणि थोडी भावाच्या चेहऱ्यावरही, कारण भाव सांगताना विकणारा गाडीकडे नाही, त्याच्याकडेच बघत होता.

मी विकणाऱ्याला एक गोष्ट मागितली होती: काम चालू असतानाचे फोटो. ज्याने खरंच गाडी उकलली तो फोटो काढतोच, दाखवायला त्याला अभिमान वाटतो. त्याने पाठवले, तेरा फोटो. डिक्की आणि पुढचा फ्लोअर कापलेला, नवा पत्रा बसवलेला, सगळं होतं. डाव्या बाजूचा एकही नव्हता. चाचांनी फोनची स्क्रीन डोळ्यांजवळ धरली आणि एका फोटोत वेल्डिंग करणाऱ्या मुलाला ओळखलं. त्यांच्याच शेडमध्ये शिकलेला, बारा वर्षांचा असताना आलेला. "मेरा लड़का है," ते म्हणाले, म्हणजे शागीर्द. रोजंदारीवर काम केलं होतं त्याने. डिक्कीपर्यंत. मग पैसे थांबले आणि तो दुसरीकडे गेला, बाकीचं कुणी तरी पुट्टीने भरलं. ही चाचांनी दुसऱ्या दिवशी त्याला फोन करून मिळवलेली माहिती. मला वाटतं त्या गाडीबद्दलची आम्हाला मिळालेली सगळ्यात भरवशाची माहिती हीच होती.

संध्याकाळी अम्मीला सांगितलं. मला वाटलं होतं ती रडेल. ती म्हणाली, "त्यांना ती गाडी कुठे आवडायची? त्यांना फियाट आवडायची."

भाऊ बघतच राहिला.

"शेठ रोज लिटर मोजायचा," अम्मी म्हणाली. "एवढं पेट्रोल जातं कुठे, विचारायचा. म्हणून तर वही." मी ती वही कितीदा चाळली होती, अब्बांचं अक्षर बघायला. आठ, साडेआठ, कधी नऊ किलोमीटर लिटरला. मला ती त्यांची शिस्त वाटायची. ती सफाई होती, स्वतःवरच्या संशयाची, आठ वर्षं रोज लिहिलेली. मे महिन्यात क्लबच्या बाहेर दोन-दोन तास थांबताना एसी लावायचा नाही, कारण त्यातही पेट्रोल जातं. अम्मीने हे सगळं तांदूळ निवडता निवडता सांगितलं.

मला वाटलं, विषय संपला. भाऊ उठून गच्चीवर गेला. मी मागे गेले. उड्डाणपुलावरचे दिवे दिसत होते, खाली सदरचा बाजार. तो म्हणाला, "आपा, एकदा त्यांनी मला आत बसवलं होतं. शेठ गावाला गेला होता. लिबर्टी टॉकीजपासून कस्तुरचंद पार्कपर्यंत. मागच्या सीटवर. म्हणाले, साहेब, कुठे जायचं?"

मला हे माहीत नव्हतं. मला कधीच बसवलं नव्हतं, याचा त्या वयात, शेहेचाळिसाव्या वर्षी, क्षणभर राग आला. मग मी वहीत ती तारीख शोधली. नेमकी सांगता येत नाही, पण १९९३ च्या दिवाळीच्या सुट्टीत एका दिवशी चार किलोमीटर जास्त आहेत आणि पुढे काही लिहिलेलं नाही.

त्या रात्री मी भावाला सरळ सांगितलं. गाडीचे पाच लाख सत्तर. कागद नीट झाले तर, नाहीतर तीही नाही. त्यापलीकडे तुला जे द्यायचंय ते त्या चार किलोमीटरचे आहेत, आणि त्याचा आकडा मी काढणार नाही, तूच काढ, पण घरात सगळ्यांसमोर काढ आणि वहिनीसमोर सांग. विकणाऱ्याला तो ठरवू देऊ नकोस. तो खूप वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तीस हजार." मी विचारलं, तीसच का? "तेवढे माझ्या स्वतःच्या खर्चातून निघतील. मुलीच्या पैशातून नाही." वहिनीने ऐकलं आणि म्हणाली, स्लॅब आधी. तो हो म्हणाला. स्लॅबचं काम आता सुरू झालंय, घरात सिमेंटची धूळ आहे.

विकणाऱ्याला आम्ही लेखी कळवलं: सहा लाख, इंजिनाची नोंद आरसीवर चढल्यावर आणि फिटनेस झाल्यावर, डावी बाजू आम्ही करून घेऊ. तो हसला. आठच्या खाली बोलू नका म्हणाला. मुंबईचा एक गिऱ्हाईक आहे असंही म्हणाला, मुंबईचा गिऱ्हाईक नेहमीच असतो. तीन आठवडे काही नाही. मग त्याचा स्वतःहून फोन आला की इंजिनाच्या नोंदीचा अर्ज टाकलाय, दुसऱ्या गाडीच्या भंगाराचे कागद सापडलेत, सात द्या. भावाने सहाच सांगितले. चाचांनी त्यांच्या शागीर्दाला विचारून ठेवलंय, डाव्या पट्टीचं काम तो करेल, पण या वेळी अर्धे पैसे आधी घेईल.

काल रात्री पुन्हा फोन. विकणारा म्हणतो, येऊन एकदा चालवून तर बघा. भावाने मला मेसेज केला: आपा, रविवारी सकाळी सातला, चाचांनी सांगितलंय की बोनेट गरम लागलं तर दारातूनच परत फिरायचं.